गोल्फमधील ‘ड्राइव्ह’ : टोल्याची मीमांसा आणि सूचनेची भाषा

गोल्फच्या खेळात टीवरून मारावयाचा पहिला लांब टोला, म्हणजेच ड्राइव्ह, हा इतर टोल्यांहून मूलतः भिन्न आहे. इतरत्र चेंडू जमिनीवर पडलेला असतो. येथे तो खुंटीवर उचलून ठेवलेला असतो. विटीदांडू खेळलेल्या वाचकास हा भेद विस्ताराने सांगावयास नको. खाचेवर आडवी ठेवलेली विटी कोलणे वेगळे आणि उडालेल्या विटीस टोला लगावणे वेगळे. तथापि नवशिक्यास ज्या सूचना मिळतात त्या बहुधा दोन्ही प्रसंगी एकच असतात. परिणामी चेंडू प्रथम सरळ जातो आणि मग उजवीकडे वळत वळत झाडीत नाहीसा होतो. या दोषास स्लाइस म्हणतात, आणि वर्षानुवर्षे खेळूनही तो न सुटलेले खेळाडू असंख्य आहेत.

मागे नेलेला क्लब खाली येऊन चेंडूस भिडेपर्यंत सुमारे पाव सेकंद लागतो, आणि प्रत्यक्ष स्पर्श सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतका टिकतो. स्पर्शाची संवेदना मेंदूपर्यंत पोहोचण्यापूर्वीच चेंडू निघून गेलेला असतो. अर्थात टोल्याच्या क्षणी कोणतीही दुरुस्ती संभवत नाही. खेळाडूने आधी मनाशी धरलेली कल्पनाच काय ते काम करते. म्हणून ती कल्पना चुकीची असेल तर तिची किंमत प्रत्येक टोल्यास मोजावी लागते.

अशी एक चुकीची कल्पना दीर्घकाळ अधिकृत शिकवण म्हणून प्रचारात होती. क्लब ज्या मार्गाने फिरतो त्या दिशेने चेंडू निघतो आणि क्लबचे तोंड जिकडे असेल तिकडे तो पुढे वळतो, असे सांगितले जाई. वस्तुस्थिती जवळजवळ उलट आहे. चेंडू निघतो तो मुख्यतः तोंडाच्या दिशेने. तो वळतो तो तोंड आणि मार्ग यांतील कोनामुळे. ब्रिटनमध्ये कॉक्रन व स्टॉब्स यांनी १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात टोल्याचे शास्त्रीय विवेचन आले होते. अमेरिकेत जॉर्गेन्सन यांनी १९९४ साली मार्ग आणि तोंड यांचा संबंध भूमितीने मांडला. शिकवण मात्र बदलली ती चालू शतकात, रडारची उपकरणे सरावाच्या मैदानावर आल्यानंतरच. तोवर झाडाला वळसा घालू पाहणारा खेळाडू शिकवणीबरहुकूम क्लबचे तोंड लक्ष्याकडे ठेवी, मार्ग तेवढा झाडाच्या बाजूने काढी, आणि चेंडू नेमका झाडावर आदळे. दोष मात्र त्याच्या हाताला दिला जाई.

स्लाइसचा उलगडा याच भेदातून होतो. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा क्लब बाहेरून आत, म्हणजे लक्ष्याच्या डावीकडे जात असतो, आणि तोंड त्या मार्गाच्या मानाने उजवीकडे उघडे असते. चेंडू उजवीकडे जातो असे पाहून तो खेळाडू आणखी डावीकडे फिरवतो. त्यामुळे मार्ग व तोंड यांतील अंतर वाढते आणि वळणही वाढते. उपाय हाच रोगाचे कारण बनतो. खरी दुरुस्ती त्याच्या सहजबुद्धीस न पटणारी आहे: पकड सुधारून तोंड पुरेसे मिटू द्यावे, आणि मार्ग उजवीकडे न्यावा.

येथे खुंटीचा प्रश्न पुन्हा उपस्थित होतो. लांब ड्राइव्हसाठी क्लब चेंडूस किंचित वर चढताना भेटणे इष्ट असते. त्याच वेगात चेंडू अधिक उंच निघतो आणि त्याची उलटी फिरकी कमी राहते. (फिरकी अजिबात नसावी असे मात्र नव्हे. चेंडूस हवेत तोलून धरणारी तीच होय, हे एडिंबरोचे पदार्थविज्ञानवेत्ते टेट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दाखवून दिले. चेंडूस लांब फीत बांधून त्यांनी तिचे पीळ मोजले होते.) यासाठी चेंडू डाव्या टाचेच्या रेषेत ठेवतात, म्हणजे क्लब सर्वांत खालचा बिंदू ओलांडून चढू लागल्यावर त्याला भिडतो. परंतु क्लबचे वर्तुळ कललेले असल्यामुळे चढू लागलेला क्लब डावीकडेही वळू लागलेला असतो. म्हणून वर चढता टोला हवा असेल तर वर्तुळाचा संपूर्ण रोखच थोडा उजवीकडे ठेवावा लागतो. ‘चेंडू पुढे घ्या’ एवढीच अर्धी सूचना मिळालेल्याचा स्लाइस वाढतो तो यामुळेच.

वेगाविषयी थोडक्यात सांगावयाचे तर हात आणि क्लब हे मनगटाच्या बिजागरीने जोडलेले दोन लंबक आहेत. मनगट लवकर उलगडले की क्लबचा वेग चेंडूपर्यंत पोहोचण्यापूर्वीच खर्ची पडतो.

परंतु ‘मनगट उलगडू नका’ असे सांगून मनगट ऐकते काय? वुल्फ व त्यांचे सहकारी यांचा १९९९ सालचा प्रयोग येथे उद्बोधक आहे. नवशिक्यांच्या एका गटास हातांच्या हालचालीकडे, तर दुसऱ्यास क्लबच्या हालचालीकडे लक्ष देण्यास सांगितले होते. सरावात आणि नंतर कोणतीही आठवण न देता घेतलेल्या चाचणीत दुसरा गट अधिक अचूक ठरला. हा प्रयोग जवळच्या टोल्यांचा होता, ड्राइव्हचा नव्हे, हे लक्षात ठेवले पाहिजे. तरी भाषेच्या अभ्यासकास त्यातील भेद चटकन ओळखू येईल. ‘हात फिरवा’ या वाक्यात शरीराचा अवयव कर्म आहे. ‘क्लब फिरवा’ यात जे वस्तुतः करण तेच कर्म झाले आहे. एका शब्दाच्या फरकाने शिकणाऱ्याचे लक्ष स्वतःच्या देहावरून साधनाकडे जाते, आणि देह आपले काम विनाअडथळा करतो.

चेंडूपुढे सुमारे वीतभर अंतरावर चेंडूंचे रिकामे खोके ठेवून त्यास न शिवता टोला मारावयास लावण्याचा सराव या दृष्टीने चांगला म्हणावा लागेल. क्लब चढता नसेल तर खोके उडते. सूचना एवढीच, की खोके जागचे हलू नये. तीत ना डोक्याचे नाव आहे, ना मनगटाचे.