धोक्याच्या इंग्रजी शब्दांची कुळकथा

धोका सांगणारे बरेच इंग्रजी शब्द जुगाराच्या आणि खेळाच्या पटावरून आले आहेत. ‘हॅझर्ड’ हा मुळात फाशांचा खेळ. 14व्या शतकात चॉसरने आपल्या ‘कँटरबरी टेल्स’मध्ये त्याच्या नादी लागणाऱ्यांची चांगलीच हजेरी घेतली आहे. पुढे खेळाचं नाव धोक्यालाच चिकटलं. ‘चान्स’च्या मुळाशी लॅटिनमधलं ‘पडणं’ आहे. दान पडतं, तसं. ‘जेपर्डी’ म्हणजे जुन्या फ्रेंचमधला दोन्हीकडे समान पारडं असलेला डाव.

‘डेंजर’चं कूळ वेगळं. ते लॅटिन ‘डॉमिनस’पर्यंत, म्हणजे धन्यापर्यंत पोचतं. एखाद्याच्या ‘डेंजर’मध्ये असणं म्हणजे त्याच्या कह्यात असणं. ‘द मर्चंट ऑफ व्हेनिस’मधली पोर्शिया शायलॉकच्या तावडीत सापडलेल्या अँटोनिओबद्दल हा शब्द याच अर्थाने वापरते.

‘रिस्क’ या सगळ्यांत धाकटा. 17व्या शतकात तो इटालियन-फ्रेंचमार्गे आला आणि व्यापारात, विम्यात रुळला.

आज कारखान्यांतल्या सुरक्षेत हॅझर्ड आणि रिस्क यांत काटेकोर फरक करतात. ॲसिडची टाकी हा हॅझर्ड. ते अंगावर उडण्याची शक्यता आणि त्यातून होणारी इजा मिळून रिस्क. टाकीला घट्ट झाकण बसवलं की रिस्क घटते, हॅझर्ड मात्र कायम राहतो.