एक प्रकरण, एक पान

सुट्टीत काय वाचले, असे जूनमध्ये विचारले की वर्गात दहा-बारा हात वर होतात. पुस्तकाचे नाव मुले पटकन सांगतात. मग त्यातले कुठले प्रकरण आवडले आणि त्यात काय घडले, असे विचारले की हात हळूहळू खाली येतात. एखादा धीट मुलगा म्हणतो, "सगळेच छान आहे." म्हणजे पुस्तक डोळ्यांखालून गेले, आत काही उतरले नाही.

आम्ही उर्दू आणि मराठी अशा दोन्ही भाषा शिकवतो. दोन्हींत एकच उपाय लागू पडलेला पाहिला आहे. एका वेळी एकच प्रकरण वाचावे, पुस्तक मिटावे आणि वहीचे एक पान घ्यावे. पानाच्या वरच्या भागात प्रकरणात काय आहे ते आठ-दहा ओळींत लिहावे. मग एक ओळ सोडून खाली आपल्याला काय वाटले ते लिहावे. पुस्तक मिटणे महत्त्वाचे आहे. उघडे राहिले की मुले वाक्येच उतरवून काढतात, आणि गाईड हाताशी असेल तर तेवढेही कष्ट घेत नाहीत.

इथे दोन भाषांची एक गंमत होते. उर्दूत 'खुलासा' म्हणजे सारांश, आणि मराठीत 'खुलासा' म्हणजे स्पष्टीकरण. उर्दू घरातल्या मुलाला मराठीच्या तासाला "खुलासा कर" म्हटले, तर तो बिचारा धडा आखडून तीन ओळींत आणतो. चूक त्याची नसते.

सुरुवातीला साने गुरुजींचे 'श्यामची आई' घ्यावे. गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहायला घेतले. पुस्तकाच्या बेचाळीस रात्री आहेत आणि एकेक रात्र म्हणजे स्वतंत्र गोष्ट, त्यामुळे रोज एक वाचून पान लिहायला सोयीचे. श्यामचे गाव पालगड दापोली तालुक्यातले. आपल्या कोकणी घरांना तो पाऊस, ती शेते, ती गरिबी समजावून सांगावी लागत नाही.

त्यातली 'अळणी भाजी' ही रात्र आम्ही दरवर्षी देतो. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील काही न बोलता जेवतात, भाजीची तारीफसुद्धा करतात, आणि त्यांच्याकडे पाहून मुलेही गप्प राहतात. शेवटी आई स्वतः जेवायला बसते तेव्हा तिला कळते आणि ती हळहळते. एवढीच गोष्ट. सारांश बहुतेकांचा बरोबर येतो. खरी परीक्षा खालच्या अर्ध्या पानात असते.

एका वर्षी सातवीतल्या एका मुलाने लिहिले, की हुजूर सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांनी अन्नाला कधी नाव ठेवले नाही, श्यामच्या वडिलांनी तेच केले. सुरेख लिहिले होते. गोष्टीतला धागा त्याने आपल्या घरच्या शिकवणुकीशी जोडला. पण त्याच वर्गातल्या एका मुलीने चार ओळींत वेगळेच विचारले. आईला सर्वांत शेवटी का कळले? कारण ती सर्वांत शेवटी जेवली. सगळ्यांबरोबर बसली असती तर पहिल्या घासालाच मीठ मागून घेतले असते, कुणाला गप्प बसावे लागले नसते आणि तिला वाईटही वाटले नसते. खाली तिने लिहिले होते, "आमच्या घरीही अम्मी शेवटीच जेवते."

ते पान आम्ही वर्गात वाचून दाखवले. काही मुले हसली, काही गप्प झाली. पुढे पालक भेटीला त्या मुलीची आई आली तेव्हा तिने सांगितले, की आता रात्रीचे जेवण घरात एकाच दस्तरखानावर होते, रोट्या आधीच करून डब्यात ठेवते. वडिलांनी वही वाचली होती. ते काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी ती येऊन बसेपर्यंत त्यांनी घास घेतला नाही. गाईडमधल्या 'या पाठातून आपणास काय बोध मिळतो' या प्रश्नाच्या उत्तरात हे सापडणार नाही. तिथे आईची महती असते, वडिलांचा समंजसपणा असतो, आणि परीक्षेत दोन गुण असतात.

उर्दू वाचणाऱ्या घरांत डिप्टी नजीर अहमद यांचे 'मिरातुल उरूस' अजून कपाटात असते. १८६९ साली निघालेले हे पुस्तक त्यांनी मुळात आपल्या मुलींसाठी लिहिले होते. मुलींच्या हातात द्यावे असे काही मिळेना म्हणून स्वतःच लिहायला बसले. पुढे सरकारने त्यावर एक हजार रुपयांचे बक्षीस दिले. अकबरी आणि असगरी या दोन बहिणींची नावे दादी-नानीच्या तोंडी अजून आहेत. घर बिघडवणारी सून दिसली की अकबरी, सावरणारी दिसली की असगरी. असा शिक्का मारून पुस्तक बाजूला ठेवतात याचे आम्हाला नेहमी वाईट वाटते. प्रकरण-प्रकरण वाचले तर शिक्क्यापलीकडचे पुष्कळ दिसते.

मामा अजमतचा भाग पाहा. घरची ही जुनी मोलकरीण वर्षानुवर्षे सौद्यात हात मारत असते आणि उधारी वाढवत असते. असगरी हुशारीने सासऱ्यांसमोर हिशेब मांडायला लावते आणि लबाडी उघडी पडते. आमच्या मोहल्ल्यात काही भगिनी रविवारी दुपारी एकत्र बसून वाचतात, तिथे हा भाग वाचला गेला. सगळ्यांनी असगरीची तारीफ केली. एक भगिनी मात्र म्हणाल्या, की मामाला हे इतकी वर्षे जमले कसे, ते तरी बघा. बाजारात जाणारी ती एकटी. घरच्या बायका भाव विचारायला जाणार नाहीत, दुकानदाराची वही त्यांनी कधी पाहिलेली नाही. त्या बाई पाचवीपर्यंत शिकलेल्या. पुढच्याच महिन्यात त्यांनी आपल्या किराणा दुकानाची उधारीची वही मागून घेतली आणि नातीला शेजारी बसवून ओळ-ओळ वाचली. दोनदा लिहिलेला तेलाचा डबा त्यात सापडला.

लेखकाशी न पटणे हाही प्रतिसादच आहे. आपल्याकडे मुलांना हे लिहायची भीती वाटते, छापलेले चूक कसे म्हणावे! नजीर अहमद यांच्याच 'तौबतुन नसूह'मध्ये नसूह कॉलऱ्यातून उठतो, तौबा करतो आणि घर सुधारायला निघतो. थोरला मुलगा कलीम बधत नाही. तो घर सोडून जातो, तेव्हा नसूह त्याची पुस्तके जाळतो. हे प्रकरण नववी-दहावीच्या मुलांना जरूर द्यावे. सारांशात मात्र नसूहची बाजू प्रामाणिकपणे आली पाहिजे. त्याला त्या पुस्तकांत मुलाची बरबादी दिसते, त्याची काळजी खोटी नाही. हे नीट लिहून झाल्यावर खाली खुशाल लिहावे की बापाने चूक केली. आमचे मतही तेच आहे. पुस्तके जाळून मुलगा परत येत नाही, कादंबरीतही येत नाही. पण वरचा भाग कच्चा असेल तर खालच्या मताला आम्ही किंमत देत नाही, मग ते आमच्या मताशी जुळणारे असले तरी.

घरी सुरू करायचे असेल तर इशानंतरची वीस मिनिटे पुरतात. एकाने मोठ्याने वाचावे, बाकीच्यांनी ऐकावे, मोबाइल दुसऱ्या खोलीत. दुरुस्त्या करताना लाल पेन नको, शुद्धलेखनाचे नंतर पाहता येते. रोज जमले नाही तर जुम्माच्या जुम्मा. वाचता न येणाऱ्या दादीलाही यात बसवावे. तिने ऐकून जे सांगितले ते नातवाने लिहून घ्यावे. ती उर्दूत किंवा कोकणीत बोलली तर तसेच्या तसे लिहावे, त्याचे शुद्ध मराठी करत बसू नये, आणि पानाखाली नाव तिचेच घालावे.