माल वखारीतच, फिरते ती पावती

धुळे किंवा जळगावच्या बाजारात मक्याचे, ज्वारीचे भाव पडले की काही शेतकरी माल विकण्याऐवजी वखारीत ठेवतात आणि पावतीवर तारण कर्ज उचलतात. बँकेत जाते ती पावती. पोती जागची हलत नाहीत. हलवायची म्हटली की हमाली आणि सांडलवंड आलीच. अँड्रॉइड फोनच्या पोटात हीच व्यवस्था चालते. हे फोन ज्या लिनक्स कर्नलवर, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यावर चालतात, त्यातील या सोयीचे नाव ‘डीएमए-बफ’.

फोनवर लग्नाचे चित्रीकरण सुरू आहे असे समजा. कॅमेऱ्याने टिपलेले प्रत्येक चित्र पडद्यालाही हवे असते आणि ते आकुंचित करून साठवणाऱ्या चिपलाही. १९२० बाय १०८० बिंदूंचे एक चित्र, प्रत्येक बिंदूला चार बाइट धरल्यास, सुमारे ८३ लाख बाइटचे होते. सेकंदाला अशी ३० चित्रे. प्रत्येक टप्प्यावर नक्कल करायची तर एकेका टप्प्यासाठी सेकंदाला जवळजवळ २५ कोटी बाइट उचलून पुन्हा लिहावे लागतील. त्यात बॅटरी जाते, फोन तापतो.

यावर तोडगा म्हणून लिनारो या संस्थेतर्फे सुमित सेमवाल यांनी लिहिलेली डीएमए-बफ ही सोय मार्च २०१२ मध्ये लिनक्सच्या ३.३ या आवृत्तीत दाखल झाली. चित्र स्मृतीत एकाच जागी राहते. एका घटकाकडून दुसऱ्याकडे जातो तो केवळ एक क्रमांक. शेवटचा धारक हक्क सोडत नाही तोवर ती जागा रिकामी केली जात नाही.

या संकेतांसोबतच त्यांचे दस्तऐवजही कर्नलमध्ये आले. पावतीमागच्या बारीक अटींसारखे ते कंटाळवाणे वाटतात खरे. पण सारी भिस्त त्यांच्यावरच आहे. प्रोसेसर वेगासाठी स्वतःजवळ एक कच्ची वही बाळगतो. कॅमेऱ्याने पक्क्या वहीत, म्हणजे मुख्य स्मृतीत, नवे चित्र उतरवले तरी प्रोसेसर आपल्या कच्च्या वहीतले जुनेच वाचत बसू शकतो. म्हणून चित्राला हात लावण्यापूर्वी आणि लावून झाल्यावर कर्नलला तशी वर्दी देणे दस्तऐवजाने बंधनकारक केले आहे. काही यंत्रांवर वर्दी न देताही काम बिनबोभाट चालते आणि गोम तिथेच आहे. पुण्यातल्या प्रोग्रामरच्या फोनवर सुरळीत दिसणारे चित्र शिरपूरच्या ग्राहकाच्या फोनवर जुन्या पट्ट्यांसह उमटू शकते. आपल्या यंत्रावर चालते यावर विसंबू नका, असे दस्तऐवज स्पष्ट बजावतो. केवळ चाचणी घेऊन हे कळणे कठीण.

दुसरा पेच ‘फेन्स’चा. एका घटकाचे काम संपल्याची ही खूण. ती मिळेपर्यंत पुढच्याने थांबायचे. पण ही खूण देणे एखाद्या अॅपच्या मर्जीवर सोडले तर? स्मृती कमी पडली की कर्नल त्या खुणेची वाट पाहतो, अॅप स्मृती मिळण्याची वाट पाहते आणि दोघेही जागीच अडतात. अरुंद पुलावर समोरासमोर आलेल्या दोन ट्रकांची गत! २०२० मध्ये यासंबंधी एक स्वतंत्र प्रकरणच दस्तऐवजात घालण्यात आले. खूण ठराविक अवधीत मिळालीच पाहिजे, हे सांगून ते थांबत नाही. का, तेही समजावते. सरकारी परिपत्रकांत ही दुसरी बाजू क्वचितच आढळते.

२०१६ च्या अखेरीस डॅनियल व्हेटर यांनी हे वर्णन मुख्यतः कोडमधील टिपणांतूनच तयार होईल अशी रचना केली. कोड बदलणाऱ्याच्या डोळ्यांसमोरच त्याचे वर्णन राहावे, हा त्यामागील हेतू. तरीही चुका राहतात. त्या दुरुस्त करण्यासाठी पदवी विचारली जात नाही. हे दस्तऐवज इंग्रजीत, पण विनामूल्य खुले आहेत. जळगावच्या विद्यार्थ्याला एखादी ओळ खटकली तर त्याने दुरुस्ती ई-मेलने पाठवायची, तळाशी आपल्या नावाची सही करायची आणि चारचौघांत होणाऱ्या तपासणीला उत्तरे द्यायची. कोडमधील बदलांनाही हाच रस्ता आहे.