मैत्रीची द्विनोंदी पद्धत

वाणिज्य शाखेत पाऊल टाकताच विद्यार्थ्याच्या कानी पहिली गोष्ट पडते ती ही की, प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू असतात. एका खात्यावर नावे पडले की दुसऱ्या खात्यावर जमा झालेच पाहिजे. हे सूत्र रविवार पेठेतल्या भुसार दुकानाला लागू पडते हे सर्वांस मान्य होईल. पण मोबाईलवर आणि संगणकावर अनेकांनी मिळून खेळावयाच्या व्हिडिओ गेमलाही ते लागू पडते असे म्हटले, तर आमचे प्राध्यापक भुवया उंचावतील. तरीही या खेळांत एकमेकांना ‘मित्र’ म्हणून जोडून घेण्याची जी व्यवस्था असते, ती मुळात हिशेबनिसाचेच काम आहे. निरनिराळ्या कंपन्यांनी ते कसे केले, आणि कोणाचा हिशेब कोठे चुकला, हे येथे थोडक्यात सांगावयाचे आहे.

ज्यांनी हे खेळ पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी एक खुलासा. असा खेळ बहुधा कंपनीच्या दूरच्या संगणकामार्फत चालतो. त्याला सर्व्हर म्हणतात. तुम्ही बेळगावात, मावसभाऊ पुण्यात. दोघांचीही यंत्रे त्या सर्व्हरशी बोलतात. तेथे एकाच वेळी लाखो माणसे हजर असतात. त्यांतून तुमचा मावसभाऊ नेमका कोणता, हे यंत्राने कसे ओळखावे? नावाने म्हणाल, तर आमच्या एका वर्गात दोन सचिन आणि तीन पाटील आहेत.

यावर पहिला सरळ उपाय म्हणजे प्रत्येकाला जगात एकमेव असे टोपणनाव द्यावयाचे. मायक्रोसॉफ्टने १५ नोव्हेंबर २००२ रोजी अमेरिकेत ‘एक्सबॉक्स लाइव्ह’ ही सेवा सुरू केली, तेव्हा हाच मार्ग धरला. या नावाला ‘गेमरटॅग’ म्हणत. खेळ कोणताही असो, नाव एकच आणि मित्रांची यादीही एकच. तिच्यात १०० जणांची मर्यादा होती. सोय मोठी होती, पण चांगली नावे पहिल्या रांगेतल्यांनी नेली. मागून आलेल्यांना नावापुढे जन्मसाल, नाहीतर इंग्रजी एक्सची माळ लावावी लागली. टेलिफोन डिरेक्टरीत नाव येण्यासाठी आडनाव बदलावे, तसला हा प्रकार.

जपानच्या निन्टेंडो कंपनीने नेमका उलटा रस्ता धरला. तिच्या ‘डीएस’ या हातात मावणाऱ्या यंत्रावर २००५ च्या नोव्हेंबरात ‘मारिओ कार्ट’ हा मोटारशर्यतीचा खेळ इंटरनेटवर खेळता येऊ लागला. तेथे मित्र जोडावयाचा तर नाव चालत नसे; १२ अंकी ‘फ्रेंड कोड’ लागे. तोही प्रत्येक खेळाला निराळा! त्यातले काही अंक निव्वळ पडताळणीपुरते होते. एखादा अंक चुकला तर बहुतेक वेळा यंत्र क्रमांक स्वीकारीतच नसे. आणि खरी गंमत पुढेच आहे. मी तुमचा क्रमांक माझ्या यंत्रात भरला म्हणून काहीच घडत नसे. तुम्हाला निरोप जात नसे, घंटी वाजत नसे. तुम्हीही माझा क्रमांक तुमच्या यंत्रात भरला, तरच दोघे एकमेकांच्या यादीत दिसू लागत. माझ्या वहीत तुमचे नाव, तुमच्या वहीत माझे; दोन्ही नोंदी जुळल्याशिवाय खाते उघडावयाचे नाही. पुस्तपालनाच्या पुस्तकात उदाहरण म्हणून छापावे इतकी ही शुद्ध द्विनोंदी पद्धत होती.

या पद्धतीची जगभर टिंगल झाली. बारा आकडे कागदावर उतरून घ्यायचे, मित्राला पोचवायचे, त्याचे बारा आपण आणायचे, आणि दुसरा खेळ विकत घेतला की पुन्हा श्रीगणेशा. टिंगल रास्तच होती. मात्र कंपनीचा हेतू वाईट नव्हता. यंत्र मुलांच्या हाती जाणार होते. अनोळखी माणसाशी शर्यत लावण्यास मुभा होती, पण त्याच्याशी बोलण्याची सोय नव्हती. बारा अंक हाती यावयाचे म्हणजे ते कोणीतरी आपण होऊन दिलेले असले पाहिजेत. म्हणजेच ओळख खेळाच्या बाहेर, शाळेत वा गल्लीत, आधीच झालेली असली पाहिजे. मला तरी या मुद्द्यावर निन्टेंडोची बाजू घ्यावीशी वाटते. पुढे २०११ च्या ‘थ्रीडीएस’ यंत्राला सर्व खेळांत मिळून एकच क्रमांक आला, आणि २०१७ च्या ‘स्विच’वर रीतसर विनंती पाठवून होकार घेता येऊ लागला. बारा अंक मात्र तिथेही आहेत.

ओळख अधिक खरी करू पाहण्याचा प्रयत्नही एकदा झाला, आणि तो चांगलाच अंगाशी आला. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या खेळाच्या ब्लिझार्ड कंपनीने २०१० साली ‘रिअल आयडी’ नावाची योजना आणली. एकमेकांचे ई-मेल पत्ते देऊन मित्र व्हावयाचे. मग खेळातल्या टोपणनावाबरोबर खरे नावही दिसणार. शिवाय मित्राच्या मित्रांनाही ते दिसणार! त्याच वर्षी ६ जुलै रोजी कंपनीने जाहीर केले की, तिच्या चर्चेच्या फलकावर लिहिणाऱ्यांनाही यापुढे खऱ्या नावानेच लिहावे लागेल. एकच गदारोळ उडाला. यात धोका नाही हे दाखविण्यासाठी कंपनीच्याच एका कर्मचाऱ्याने आपले खरे नाव जाहीर केले, तर लोकांनी पाहता पाहता त्याचा पत्ता आणि फोन नंबर शोधून काढला. विशेषतः मुलींना आणि स्त्रियांना यात केवढी जोखीम होती हे निराळे सांगावयास नको. ९ जुलै रोजी, म्हणजे अवघ्या तीन दिवसांत, फलकापुरता तो निर्णय मागे घेण्यात आला. पुढे कंपनीने ‘बॅटलटॅग’ काढला: आवडेल ते नाव, त्यापुढे हॅशचे चिन्ह आणि काही अंक. एकाच नावाची हजार माणसे असली तरी अंक वेगळे, आणि खरे नाव झाकलेले.

आमच्या सीमाभागात पाटील, देसाई, कुलकर्णी या आडनावांवरून माणूस मराठी की कानडी हे सांगता येत नाही, हे आपण जाणतोच. तरी नाव कळले की पुढचा प्रश्न येतोच: कुठले तुम्ही? टोपणनावाच्या खेळाडूला हा प्रश्न कोणी विचारीत नाही. वेळेवर मदतीला येतो की नाही एवढेच पाहतात. आमच्या चौघांच्या चमूत ‘मागे बघ’ हे मराठीत आणि ‘बेग बा’ हे कानडीत ओरडले जाते. दोन्ही सर्वांना कळते.

आता एकनोंदी पद्धतीकडे येऊ. २०१३ साली ‘एक्सबॉक्स वन’ बाजारात आला तेव्हा १०० ची मर्यादा १००० वर गेली, आणि त्याबरोबर होकाराची अटही गेली. मी तुम्हाला यादीत घातले की घातले. तुम्ही उलट मला घालावे की नाही ही तुमची मर्जी. म्हणजे मैत्री नव्हे, अनुयायित्व. सिनेनटाच्या चाहत्याला हे ठीक आहे, पण संध्याकाळी बरोबर खेळणाऱ्या दोघांना काय उपयोग? अकरा वर्षांनी, २०२४ साली, कंपनीने विनंती आणि होकाराची जुनी रीत परत आणत असल्याचे जाहीर केले. एकनोंदी पद्धतीने तेरीज जुळत नाही असे आमच्या क्रमिक पुस्तकात आहे, ते काही उगीच नव्हे.

‘स्टीम’ या संगणकावरील खेळांच्या दुकानाचा उपाय तर अस्सल व्यापारी आहे. तेथे ज्याने निदान ५ डॉलर खर्च केलेले नाहीत, त्याला कोणास मैत्रीची विनंती पाठविताच येत नाही. फुकटात हजारो खोटी खाती उघडून लोकांना ठकविणाऱ्या टोळ्यांना प्रत्येक खात्यामागे पाच डॉलर परवडत नाहीत. अनामत रक्कमच म्हणा ना! गरीब विद्यार्थ्याची मात्र यात अडचण होते.

याउलट २०२० च्या टाळेबंदीत घरोघर पोचलेल्या ‘अमंग अस’ या खेळात त्या वेळी मित्रयादीच नव्हती. एकाने खोली उघडावयाची, तिचा सहा इंग्रजी अक्षरांचा संकेत इतरांना फोनवर सांगावयाचा. बी, डी आणि पी यांत फोनवर हटकून घोळ होई. मग ‘बी फॉर बेळगाव, डी फॉर धारवाड’ सुरू होई. इतके करूनही खोली सापडली नाही, तर एकाचा सर्व्हर आशियाचा आणि दुसऱ्याचा युरोपचा निघे. खेळ संपला की खोली मोडली. कोठे नोंद नाही, बाकी नाही. निव्वळ रोखीचा व्यवहार.

यादीच्या बाबतीत एक गोष्ट मात्र सहसा ध्यानात येत नाही. वही आपली वाटते, पण ती असते कंपनीच्या कपाटात. निन्टेंडोने डीएसची ती इंटरनेट सेवा २० मे २०१४ रोजी बंद केली, आणि कागदावर जपून उतरलेले ते बारा अंक त्या दिवशी नुसते आकडे झाले. आपल्या देशात २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने ‘पबजी मोबाईल’वर बंदी घातली आणि ३० ऑक्टोबरला त्याचे दार पुरते लागले. ज्यांनी एकमेकांचे फोन नंबर घेतलेले होते ते दुसऱ्या खेळात पुन्हा भेटू शकत होते. ज्यांच्यापाशी फक्त खेळातले नाव होते, त्यांना शोधावयाचे कोठे?

आमच्या वर्गातील एकाचा जोडीदार असाच एका बंद पडलेल्या खेळात हरवला. तो इंदूरचा होता. त्याच्या घरी मराठी बोलत, पण बोलता बोलता ‘अपन’ म्हणे. दोघे वर्षभर रोज रात्री साडेनऊला खेळत असत. खरे नाव ना याने विचारले, ना त्याने. वर्गमित्र अजूनही नवा खेळ घेतला की प्रथम शोधाच्या चौकटीत ते टोपणनाव टाकून पाहतो. त्या नावाची माणसे पुष्कळ निघतात.