दिव्याभोवती दिसणारे कडे



रात्री समोरून मोटारसायकल आली की तिच्या दिव्याभोवती गोल कडे दिसते, अशी तक्रार सातपुड्यातील पाड्यांवर मला वारंवार ऐकू येते. आपल्या मंडळीतील वडीलधारेही तसे सांगतात. बहुतेकांना ते वयाचे लक्षण वाटते आणि विषय तिथेच संपतो. तो तिथे संपू नये, म्हणून हा लेख.

निरोगी डोळ्यात प्रकाश बुबुळावरील पारदर्शक पटलातून आणि भिंगातून आत जाऊन पडद्यावर एकवटतो. वाटेत कुठे गढूळपणा किंवा सूज असेल, तर तो विखुरतो आणि दिव्याभोवती कडे दिसते. अंधारात बाहुली मोठी होते, म्हणून त्रास रात्री अधिक जाणवतो. चष्म्याचा नंबर बदललेला असणे, डोळे कोरडे पडणे, चष्म्याची काच मळलेली असणे, अशीही साधी कारणे असतात. पण दोन आजार नीट ओळखले पाहिजेत.

पहिला मोतीबिंदू. यात भिंग हळूहळू गढूळ होते. डोळा दुखत नाही, फक्त धूसर दिसते. शस्त्रक्रियेत ते भिंग काढून कृत्रिम भिंग बसवतात. डोळ्याचा मागचा भाग चांगला असेल, तर दृष्टी परत येते. ‘मोतीबिंदू पिकू द्या’ हा सल्ला आता जुना झाला. फार पिकलेला मोतीबिंदू उलट डोळ्यातील दाब वाढवू शकतो.

दुसरा काचबिंदू. डोळ्यात सतत पाणी तयार होते आणि बारीक वाटेने बाहेर जाते. काहींची ही वाट अरुंद असते. ती अचानक बंद झाली की दाब चढतो, पटल सुजते आणि दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखी रंगीत कडी दिसतात. सोबत डोळा लाल होतो, डोके ठणकते, उलट्या होतात. उलट्यांमुळे घरचे पित्त समजतात. एका पाड्यावरील आजीबाईंचे असेच झाले. पाच दिवसांनी त्या रुग्णालयात पोहोचल्या, तोवर त्या डोळ्याची नस निकामी झाली होती. डॉक्टरांनी दुसऱ्या डोळ्यात लेसरने बारीक छिद्र पाडून पाण्याला वाट करून दिली. तो डोळा वाचला आणि त्याच्याच आधारावर त्या आज शेळ्या राखतात.

काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही. रंगीत कडी आणि वेदना एकत्र आल्या, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. काचबिंदूचा दुसरा प्रकार कडी न दाखवता, न दुखता दृष्टी नेतो. म्हणून चाळिशीनंतर डोळ्याचा दाब आणि नस तपासून घ्यावी. घरात कोणाला काचबिंदू असेल किंवा आपल्याला मधुमेह असेल, तर टाळाटाळ नको. दुकानातून स्वतःच्या मनाने थेंब आणू नयेत. स्टेरॉइडचे थेंब दीर्घकाळ घातल्यास हे दोन्ही आजार होऊ शकतात.

सरकारी रुग्णालयांत मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मोफत होते. पाड्यावरच्या माणसाला अडते ते गाडीभाडे, बुडणारी मजुरी आणि सोबतीला येणारे माणूस. आपली मदत तिथे कामी येते. आणि येत्या रविवारी उपासनेनंतर शेजारी बसलेल्या आजी-आजोबांना एवढेच विचारा: “रात्री दिव्याभोवती कडे दिसते का?”