जावास्क्रिप्टमधील कन्स्ट्रक्टर: कोरा रकाना कोण भरतो?

बारामती-इंदापूरच्या श्रोत्यांना साखर कारखान्याचे टाइम ऑफिस नवे नाही. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर इकडच्या पुष्कळ घरांतील कोणी ना कोणी त्या खिडकीसमोर उभे राहिलेले असते. जावास्क्रिप्ट ह्या संगणकभाषेतील ‘कन्स्ट्रक्टर’ समजावून सांगण्यासाठी आम्ही तेथूनच निघतो. पगारपत्रक आता संगणक काढतो. तो ते कसे काढतो, हे कामगाराला ठाऊक असावे.

टाइम ऑफिसात छापील कोऱ्या कार्डांचा गठ्ठा असतो. त्यांवर रकाने असतात, माणूस नसतो. ‘क्लास’ म्हणजे हा कोरा नमुना. ‘न्यू’ म्हणजे नवे कार्ड काढण्याचा हुकूम. कार्ड निघताक्षणी त्यावर नाव, रुजू तारीख, रोजाचा दर, कायम की हंगामी, ह्या पहिल्या नोंदी जो करतो तो कन्स्ट्रक्टर. नोंद करताना तो ‘धिस’ म्हणतो. म्हणजे हेच, आता हातात असलेले कार्ड, शेजारच्याचे नव्हे. एका क्लासला कन्स्ट्रक्टर एकच असतो. क्लासचे नाव ‘कामगार’ असे देवनागरीत ठेवले तरी भाषेची हरकत नसते, हे जाता जाता सांगतो.

ब्रेंडन आइक ह्यांनी ही भाषा १९९५ साली रचली. ‘क्लास’ची सोय तीत २०१५ साली आली. त्यापूर्वी साध्या फंक्शनकडूनच हे काम घेत, आणि ‘न्यू’ लिहायचे राहिले तरी भाषा मुकाट्याने पुढे जाई. क्लास मात्र ‘न्यू’वाचून हाक मारल्यास साफ नकार देतो.

आता मुख्य मुद्दा. रोजाचा दर कन्स्ट्रक्टरला दिलाच नाही तर काय होते? तो तक्रार करीत नाही. रकान्यात ‘अनडिफाइन्ड’, म्हणजे ‘काही सांगितलेले नाही’, अशी नोंद पडते. महिनाअखेर तिला २६ दिवसांनी गुणले की उत्तर येते ‘नॅन’: हा आकडाच नव्हे. ही चूक आम्हांला त्यातल्या त्यात बरी वाटते, कारण पगारपत्रकावर ती डोळ्यांत भरते.

खरा धोका गृहीत किमतीचा. समजा, लिहिणाऱ्याने कन्स्ट्रक्टरमध्येच ठरवून टाकले की प्रकार कळविला नाही तर ‘हंगामी’ धरावा. मग नोंद राहून गेलेला कायम कामगार हंगामी ठरतो. गाळप चालू असेतो कोणाच्या लक्षात येत नाही. हंगाम संपला की त्याचा पगार थांबून रिटेन्शन भत्ता लागू होतो! साहेब म्हणतात, संगणकाने केले. संगणकाने काही केलेले नसते. एका ओळीत कोणीतरी आधीच निर्णय घेऊन ठेवलेला असतो, आणि ती ओळ युनियनला दाखविलेली नसते.

उपाय सोपा आहे. प्रकार दिलेला नसेल तर कन्स्ट्रक्टरने ‘थ्रो’ करावे, म्हणजे चूक पुकारून तेथेच थांबावे. मग ‘न्यू’च्या हाती कार्ड येतच नाही. कामास एक दिवस उशीर होईल, होऊ द्यावा.

मात्र तपासणी नीट लिहिली पाहिजे. गृहीत किंमत लागते ती फक्त ‘अनडिफाइन्ड’च्या जागी. कारकुनाने रकाना मोकळा सोडला की बहुधा पोकळ अक्षरमाला येते, आणि कधी ‘नल’ येते. ह्या दोहोंना भाषा दिलेले उत्तरच समजते आणि तसेच नोंदवून घेते. म्हणून नवी पगारपद्धत स्वीकारण्यापूर्वी प्रतिनिधींनी तीन नमुन्याची कार्डे काढावयास लावावीत: एक प्रकार मुळीच न कळविता, एक मोकळ्या रकान्याचे, एक ‘नल’चे. तिन्ही अडली, तरच सही करावी.