वाघ मोजायचे तर आधी चालायचं

हिवाळ्यातल्या सकाळी ताडोब्याच्या मोहर्ली गेटवर जिप्सींची रांग लागते, तेव्हा आतल्या एखाद्या बीटमध्ये, म्हणजे आपल्या हद्दीत, एक वनरक्षक दोन-तीन वनमजुरांना घेऊन पायी निघालेला असतो. हातात काठी, खांद्याला पाण्याची बाटली, खिशात मोबाइल. त्याला रेंज नसली तरी त्यातलं 'एम-स्ट्राइप्स' हे ॲप ही मंडळी कुठून कुठे गेली त्याची नोंद ठेवतं. दर चार वर्षांनी होणाऱ्या व्याघ्रगणनेची सुरुवात ही अशी होते. देशात किती वाघ आहेत ही बातमी छापून यायला पुढे बराच काळ जातो. तिचं काम मात्र इथे, धुळीत, मान खाली घालून सुरू झालेलं असतं.

पहिले तीन दिवस मांसाहारी प्राण्यांच्या खुणांचे. रोज पाच किलोमीटर. चालायचं तेही वाघ-बिबटे चालतात तिथूनच: बैलगाडीच्या जुन्या वाटा, जाळरेषा, कोरड्या नाल्यांची पात्रं. ठशात नखं उमटली असतील तर बहुधा रानकुत्रा, तरस किंवा अस्वल. मांजरकुळातले प्राणी चालताना नखं आत ओढून घेतात. ठशाच्या कडा अजून धारदार आहेत की ढासळल्या आहेत, त्यावर दव पडलंय का, रात्री फिरणाऱ्या किड्याची रेघ ठशावरून गेली आहे की ठशाखाली दबली आहे, यावरून वाघ कधी गेला याचा अंदाज बांधला जातो. विष्ठा दिसली की थांबून तिच्यातले केस पाहायचे. सागाच्या किंवा ऐनाच्या खोडावर वाघाने हद्द सांगणारी फवारणी केली असेल, तर शिजलेल्या बासमती तांदळासारखा वास येतो. जुन्या वनमजुराला तो वाटेवरूनच कळतो आणि नवखा वनरक्षक खोडाला नाक लावूनही चाचपडतो. ही नजर, हे नाक कुठल्याही प्रशिक्षणवर्गात मिळत नाही.

पुढचे तीन दिवस ट्रान्सेक्टचे. दोन किलोमीटरची आखलेली सरळ रेषा, भल्या सकाळी, न बोलता. चितळ, सांबर, गवा, नीलगाय दिसले की किती, किती अंतरावर आणि कोणत्या कोनात हे टिपायचं. परतताना ठरलेल्या जागी झाडोऱ्याची आणि लेंड्यांची नोंद. तृणभक्षी मोजल्याशिवाय वाघांचा आकडा पोकळ असतो. वाघ टिकणार की नाही हे चितळच सांगतात.

या कामात जीव जातो. २० नोव्हेंबर २०२१ रोजी ताडोब्याच्या कोलारा भागात एक महिला वनरक्षक तीन मजुरांसह गणनेपूर्वीची पाहणी करत होती. वाटेवर वाघीण बसलेली दिसली. सगळे थांबले, मग झाडीतून वळसा घेऊन पुढे निघाले. वाघिणीने त्या वनरक्षक महिलेवर झडप घातली. तिचा मृत्यू झाला आणि पायी पाहणी काही काळ थांबवावी लागली. पुढे गणना झाली, आकडे जाहीर झाले. त्या आकड्यांत तिचाही वाटा आहे.

इतका जोखमीचा खटाटोप का, याचं उत्तर जुन्या पद्धतीत आहे. १९७२ साली देशात पहिली व्याघ्रगणना झाली आणि १,८२७ वाघ मोजले गेले. पुढच्याच वर्षी व्याघ्रप्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ जंगलांत आपलं मेळघाट होतं. तेव्हा ठशावर काच धरून त्याची आकृती काढत, प्लास्टर ऑफ पॅरिसचे साचे घेत, आणि ठशांच्या फरकावरून वाघ वेगळे करत. पण एकाच वाघाचं पाऊल चिखलात एक आणि वाळूत दुसरंच दिसतं. राजस्थानातल्या सरिस्काने या पद्धतीचं पितळ उघडं पाडलं. कागदावर वाघ होते, आणि २००५ पर्यंत जंगलात एकही उरला नव्हता.

कर्नाटकात नागरहोळेच्या जंगलात उल्हास कारंत यांनी १९९० च्या दशकात ट्रॅप कॅमेऱ्यांनी वाघ मोजून दाखवले होते. सरिस्कानंतर ती वाट देशभर धरली गेली. कॅमेरे जोडीने, वाटेच्या दोन्ही बाजूंना, साधारण गुडघ्याच्या उंचीवर बांधतात. जोडी लागते, कारण वाघाच्या डाव्या अंगावरचे पट्टे उजव्या अंगासारखे नसतात. जंगलाचे दोन-दोन चौरस किलोमीटरचे चौकोन पाडलेले असतात. त्या चौकोनात कॅमेरा नेमका कुठल्या वळणावर लावायचा, हे पहिल्या फेरीत सापडलेल्या ठशांवरून ठरतं. म्हणजे यंत्रालाही रस्ता दाखवतो तो चालणारा माणूसच. मग संगणक पट्टे जुळवतो, आणि तेच वाघ पुन्हापुन्हा किती वेळा टिपले गेले यावरून न टिपलेल्यांचा अंदाज काढला जातो. वर्षाच्या आतली पिल्लं धरत नाहीत. २०१४ साली महाराष्ट्रात १९० वाघ होते, २०१८ मध्ये ३१२, आणि २०२२ मध्ये ४४४.

ही पायपीट जिथे चालते त्या ताडोब्यात शिकारबंदी १९३५ साली आली आणि १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं. तेव्हा ताडोब्याचा चंद्रपूर जिल्हा मध्य प्रदेशात होता. आज महाराष्ट्रातलं हे सर्वांत जुनं राष्ट्रीय उद्यान. नाव पडलं तारू या आदिवासी देवावरून. तारू वाघाशी झुंजताना मारला गेला, अशी कथा सांगतात. तलावाकाठी त्याचं ठाणं आहे.

जिप्सीतल्या पर्यटकाला या पायपिटीतलं फारसं काही दिसत नाही, आणि तो दोष सर्वस्वी त्याचा नाही. तीन-चार तासांच्या सफारीत गाइडवर वाघ दाखवण्याचा दबाव असतो, गाड्या एकमेकींमागे पळतात. खरी मजा गाडी थांबल्यावर सुरू होते. इंजिन बंद केलं की वानराची खाकर ऐकू येते, पाठोपाठ दरीतून सांबराची धोक्याची हाक येते, आणि वाघ कोणत्या दिशेने चालला आहे हे तो न दिसताही कळू लागतं. वनरक्षक जे रोज वाचतो त्यातली निदान एक ओळ तेव्हा आपल्याला वाचता येते. वाघ दिसला तर उत्तमच. पण ठशांनी भरलेली वाट उतरून पाहता येत नसली तरी गाडीतून वाकून पाहिली, तर ती सफारीही वाया गेली असं म्हणता येणार नाही.

ताडोब्याला जाल तेव्हा गाइडला एवढंच सांगा, की घाई नाही. एखाद्या पाणवठ्याशी अर्धा तास थांबा. रस्त्याकडेच्या झाडाला गुडघ्याच्या उंचीवर पेटी बांधलेली दिसली, तर ती कोणी लावली ते विचारा. आणि वाटेत पायी चालणारा वनरक्षक भेटला, तर गाडी हळू करून त्याला नमस्कार करा.